वेंटवर्थ वुडहाउस: एवढ्या मोठ्या घराचं करायचं काय?

इंग्लंडमध्ये लीड्सला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. साताऱ्याहून आलेल्या आई-वडिलांना घेऊन ते रॉदरहॅमजवळचं वेंटवर्थ वुडहाउस, हे उमरावांचं जुनं अवाढव्य घर, बघून आले. एका दालनात दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या खुर्च्या मांडणं चाललं होतं, बागेतल्या कॅमेलिया हाउसमध्ये चहा-केकला गर्दी, एका अंगाला परांची बांधलेली, आणि सोबतच्या स्वयंसेवक बाई कुठल्या खोलीत कसलं शूटिंग झालं ते सांगत होत्या. बाहेर पडल्यावर वडील म्हणाले, "हे घर आहे, म्युझियम आहे का मंगल कार्यालय? आणि एवढा पसारा मांडण्यापेक्षा कुणाला तरी विकून सरळ हॉटेल का नाही करत?"

मी गेली २२ वर्षं यॉर्कशरमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. हाच प्रश्न मला मालकांनी विचारलाय, बँकवाल्यांनी विचारलाय, आणि एकदा टॅक्सीवाल्यानेही. वेंटवर्थच्या कामाशी माझा काही संबंध नाही. बघायला म्हणून चार-पाचदा गेले आहे, एकदा छताचं काम चालू असताना लोकांना वर नेऊन दाखवायचे तेव्हा हेल्मेट घालून वरही गेले होते. तेव्हा बाहेरून बघणारीचं उत्तर आहे, पण बघणारीचे हात याच कामात मळलेले आहेत.

आधी वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचं. हे नुसतं "घर" कधीच नव्हतं. म्हणजे बांधलं तेव्हाही नव्हतं. मुळात तिथे पाठीला पाठ लावून दोन घरं उभी आहेत. पश्चिमेकडचं विटांचं, बरोक वळणाचं, १७२० च्या दशकातलं. ते पुरं होतंय न होतंय तोवर फॅशन बदलली आणि मालक थॉमस वॉटसन-वेंटवर्थ यांनी १७३० च्या दशकात त्याच्या पाठीशी पूर्वेला तोंड करून दुसरं, दगडी, पॅलेडियन शैलीतलं (जुन्या रोमन देवळांच्या वळणाचं) घर उठवायला घेतलं. वास्तुविशारद हेन्री फ्लिटक्रॉफ्ट. तुम्ही गाडीतून उतरल्यावर समोर जे पसरलेलं दिसतं ते हे. दर्शनी बाजू ६०६ फूट. एसटीच्या सोळा गाड्या एकामागे एक लावल्या तर जेमतेम तेवढी लांबी होईल. एवढं घर कुणी नांदायला बांधत नाही. उत्तरेतले व्हिग पक्षाचे लोक इथे यावेत, जेवावेत, दबावेत आणि आपल्या बाजूने राहावेत, यासाठी ते बांधलं. ते फळलंही. मुलगा, दुसरा मार्क्वेस ऑफ रॉकिंगहॅम, १७६५ मध्ये आणि पुन्हा १७८२ मध्ये पंतप्रधान झाला. तेव्हा वडिलांना सांगा, मंगल कार्यालय म्हणालात ते अगदीच चूक नाही. लोकांना बोलावून जेवू घालण्याची जागा, हाच त्या मोठ्या दालनांचा मूळ धंदा.

रॉकिंगहॅमला मूल नव्हतं, म्हणून १७८२ नंतर सगळं भाच्याकडे, फिट्झविल्यम घराण्याकडे गेलं. आणि त्यांच्या जमिनीखाली कोळसा होता. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं घराचा खर्च कोळशाने भागवला. १९१२ च्या जुलैमध्ये राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथे मुक्कामाला होते, आणि त्याच मुक्कामात जवळच्या कॅडबी खाणीत स्फोट होऊन नव्वदच्या आसपास माणसं गेली. राजा-राणी संध्याकाळी खाणीवर जाऊन आले. वर मेजवानी आणि खाली खाण, असं इतकं लख्ख शेजारी शेजारी दिसणारं दुसरं घर मला माहीत नाही.

कोळशाने दिलं तसं कोळशानेच घेतलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, इंधनमंत्री मॅनी शिनवेल यांनी घराभोवतीच्या बागेत उघडी खाण खोदण्याचा हुकूम काढला. पश्चिमेकडची बाग उखडली, खोदकाम घराच्या दारापर्यंत आलं. गंमत म्हणजे याला विरोध करायला जे उभे राहिले त्यांत यॉर्कशरच्या खाणकामगार संघटनेचा अध्यक्ष जो हॉल होता. कामगार बागेत फिरायला यायचे, ती त्यांचीही होती. पण कुणाचं काही चाललं नाही. त्यात १९४८ मध्ये घराण्याचे प्रमुख, आठवे अर्ल फिट्झविल्यम, फ्रान्समध्ये विमान अपघातात गेले, वारसा कर डोक्यावर आला आणि घरातल्या वस्तू लिलावात निघाल्या. चित्रकार जॉर्ज स्टब्सने रॉकिंगहॅमसाठी काढलेलं व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं ते भलंमोठं चित्र पुष्कळ वर्षं घराण्याकडे राहिलं, आणि १९९७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने १ कोटी १० लाख पौंडांना घेतलं.

या लिलावाकडे परत येईन. घरातलं सामान गेलं हे आजच्या घराच्या फार उपयोगी पडलं आहे, आणि ते कुणी फारसं बोलत नाही.

भाडेकरूंची यादी भराभर सांगते. युद्धात लष्कराचं हेरखातं, इंटेलिजन्स कोअर, होतं. नंतर अर्ल घराण्यातल्या लेडी मेबल, ज्या स्वतः मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या, त्यांच्या पुढाकाराने घराचा मोठा भाग कौन्सिलला भाड्याने गेला आणि मुलींना शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका करणारं कॉलेज तिथे तीसेक वर्षं चाललं. मग शेफील्डचं पॉलिटेक्निक. १९८८ मध्ये त्यांनाही खर्च परवडेना. मग एक खासगी मालक, त्याच्यावर कर्ज, बँक. १९९९ मध्ये क्लिफर्ड न्यूबोल्ड या वास्तुविशारदाने घेतलं आणि म्हातारपणाची सगळी वर्षं त्यात घातली. जमिनीखालच्या खाणकामामुळे घर खचलं म्हणून भरपाईचा दावा त्या कुटुंबाने लावला होता, तो टिकला नाही. २०१७ मध्ये वेंटवर्थ वुडहाउस प्रिझर्वेशन ट्रस्टने ७० लाख पौंडांना घर विकत घेतलं. त्याआधी २०१६ च्या शेवटी सरकारने तातडीच्या दुरुस्तीसाठी ७६ लाख पौंड जाहीर केले होते. म्हणजे विकत घेण्यापेक्षा तातडीच्या दुरुस्तीलाच जास्त. आणि तीही नुसती सुरुवात.

आता हॉटेल.

हॉटेल म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर खोल्या येतात. वेंटवर्थमध्ये तीनशेवर खोल्या आहेत, म्हणजे हिशेब सोपा वाटतो. पण खोली आणि हॉटेलची खोली यात संडास-बाथरूम येतं. अठराव्या शतकातली मोठी दालनं आपल्या जुन्या वाड्यातल्या माजघरासारखी एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी उघडतात. दारांची एक ओळ. मधे बोळ नाही. त्यातल्या तीन दालनांना प्रत्येकी बाथरूम द्यायचं तर पाण्याचा नळ आणि चार इंची सांडपाण्याचा पाइप कुठून न्याल? खालच्या दालनाच्या प्लास्टरच्या नक्षीदार छतातूनच न्यावा लागतो. आणि आज ना उद्या पाइप गळतो. कुठलाही. माझ्या कामात मी आगीने गेलेली छतं दोन पाहिली आहेत, बाथरूमने गेलेली मोजायची सोडली.

आग हा दुसरा मुद्दा. रात्री झोपणारी माणसं असली की नियम एकदम कडक होतात, आणि व्हायलाच हवेत. दर काही खोल्यांमागे आग अडवणारं दार, वेगळे जिने, भिंतींच्या आतल्या पोकळ्या बुजवणं. या घरांच्या भिंतींत आणि लाद्यांखाली पोकळ्या असतात, नोकरांचे चोरजिने असतात, जुन्या धुराड्या असतात. २०१५ मध्ये सरेमधलं क्लॅन्डन पार्क तळघरातल्या एका विजेच्या पॅनेलपासून पेटलं आणि एका दुपारी-रात्रीत आतून जवळजवळ रिकामं झालं. १९८९ मध्ये ससेक्समधलं अपपार्क छतावर शिशाचं काम करणाऱ्यांच्या ज्योतीने पेटलं, दुरुस्ती संपायला थोडेच दिवस राहिले असताना. आमच्याकडे आता छतावर ज्योत लावायची तर लेखी परवाना लागतो, आणि काम संपल्यावर माणूस निदान तासभर तिथेच बसून राहतो. नुसता बघत. नवीन आलेली पोरं याला कंटाळतात.

हॉटेलं झालेली घरं आहेत हे खरं. बकिंगहॅमशरमधलं क्लाइव्हडन हे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचं आहे आणि आज महागडं हॉटेल आहे. त्याआधी तिथे अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी राहायचे. पण ते व्हिक्टोरियन काळात आगीनंतर पुन्हा बांधलेलं घर आहे, लंडनपासून तासाभरावर आहे, खाली थेम्स वाहते. रॉदरहॅमजवळ, जुन्या कोळसापट्ट्यात, रात्रीला चारशे पौंड देऊन बारा महिने कोण राहणार?

फ्लॅट करायचा मार्गही होता. किट मार्टिन नावाच्या वास्तुविशारद-विकासकाने १९७० नंतर अशी बरीच मोडकळीला आलेली घरं वाचवली. त्याची युक्ती साधी होती: घर मजल्यामजल्याने वाटायचं नाही, उभे काप घ्यायचे. प्रत्येकाला तळापासून छतापर्यंतचा एक तुकडा, स्वतःचं दार, स्वतःचा जिना. मोठी दालनं फोडायची नाहीत. मला हे फार आवडतं, आणि मध्यम आकाराच्या घराला यासारखा उपाय नाही. पण वेंटवर्थचं छत सगळ्यांचं मिळून एकच असणार. आपल्याकडे सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला वर्गणी काढताना काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. इथे गच्ची एकरांत आहे.

छताबद्दल जरा थांबून सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

या पॅलेडियन घरांना पागोळ्या दिसू द्यायच्या नसायच्या. म्हणून दर्शनी भिंत छताच्या वर चढवायची आणि पन्हळ तिच्या आड लपवायची. उतरत्या स्लेटच्या छतावरून आलेलं पाणी भिंतीच्या आतल्या बाजूच्या शिशाच्या पन्हळीत पडतं आणि तिथून पाइपात जातं. पाणी बाहेर सांडत नाही. तुंबलं तर आत सांडतं. हजार चौरस मीटर छतावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर २०,००० लिटर पाणी होतं, म्हणजे आपल्याकडच्या पाण्याच्या दोन टँकरांएवढं, आणि ते बाहेर जाण्याचा रस्ता माझ्या तळहाताएवढा.

काही वर्षांपूर्वी एका घरी गेले होते, नाव सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली, सहा-सात वर्षं कुलूपबंद. दार उघडलं तर आधी वास आला. ओल्या अळंबीचा. कोपऱ्यात भिंतीवरच्या लाकडी तक्त्याचा रंग शाबूत, गुळगुळीत, मी बोट टेकवलं आणि बोट आत गेलं. रंगाच्या पापुद्र्यामागे लाकूड नव्हतंच, तपकिरी चौकोनी चुरा होता. खाली गालिचा उचलला तर विटकरी रंगाची बारीक धूळ, बुरशीचे बीजाणू. याला इथे ड्राय रॉट म्हणतात. नाव "कोरडी कुज", पण लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ती धरत नाही. वर चढून पाहिलं तर पन्हळीच्या तोंडाशी कबुतराचं घरटं. काड्या, पिसं, एक अंडं. झाडूवाल्याचं पाच मिनिटांचं काम. त्या खोलीखालच्या दालनाचं छत आणि दोन तुळया बदलायला सव्वा वर्ष लागलं.

तिथे कुणी राहत असतं, खुर्च्या मांडत असतं, चहा विकत असतं, तर वास पहिल्याच हिवाळ्यात कुणाच्या तरी नाकाला लागला असता.

म्हणून मी वापर सुचवताना दोन गोष्टी बघते. घरात रोज माणसं फिरतील का, आणि तो वापर घराला न तोडता निघून जाऊ शकेल का. लग्न रविवारी संपतं, खुर्च्या उचलल्या की दालन होतं तसं. शूटिंगवाले येतात, आठवड्याने जातात. चहावाल्याला हवी असते एक मोरी आणि ओव्हन, ती तबेल्याच्या बाजूला ठेवता येते. बाथरूम मात्र एकदा आलं की जात नाही.

लग्नांचं सांगते, कारण ते वडिलांना खटकलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये १९९५ च्या एप्रिलपर्यंत कायदेशीर लग्न लागायचं ते एक तर चर्चसारख्या प्रार्थनास्थळात, नाहीतर सरकारी नोंदणी कार्यालयात. १९९४ च्या कायद्याने परवाना घेतलेल्या इतर जागांनाही मोकळीक मिळाली, आणि या घरांचं नशीब पालटलं. पण दोन अटी. परवान्याला पक्की इमारत हवी (२०२१ पासून तिच्या आवारात उघड्यावरही विधी चालतो), आणि रजिस्ट्रारसमोरच्या विधीत धार्मिक काही नको. म्हणून इथली आपली पोरं लग्न दोनदा लावतात: दालनात इंग्रजीत सह्या, आणि मग अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी.

होमाचं विचारतातच. बंद दालनात होम मी तरी कधी मान्य करणार नाही, आणि विमावाले तर नाहीच. बाहेर फरसबंदीवर, भिंतीपासून लांब, छोट्या कुंडात, बाजूला पाण्याची बादली आणि अग्निशामक, असं करता येतं. भटजीबुवांना वाऱ्याचा त्रास होतो तेवढा.

आणि हळद. एका घरी, हेही नाव न सांगता, आपल्याच मंडळींचं लग्न होतं. आदल्या दिवशी हळदीचा कार्यक्रम आतल्या चुनखडीच्या दगडाच्या पायऱ्यांवर उरकला. दगडाला रंध्रं असतात, पिवळा डाग बसला. सफाईवाल्या पोराने घाबरून जोराचा, साबणासारखा क्षार असलेला क्लीनर ओतला. डाग लालभडक झाला! रात्री दहाला मला फोन. मी हसू आवरत विचारलं, लाल झाला? अहो, हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे कोकणातल्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे, क्षार लागला की हळद लाल होते. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने तो क्षार काढून घेतला, कागदाच्या लगद्याचा लेप लावून वरवरचा रंग ओढून घेतला, आणि उरलेल्या डागाला पुढचे तीन आठवडे खिडकीचा पडदा उघडा ठेवून ऊन दाखवलं. हळदीचा रंग उन्हात उडतो. साडीवरचा डाग आपण उन्हातच घालतो की. माझ्या अहवालात हा उपाय लिहिताना मराठी असल्याचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

लग्नात खरी भीती हळदीची नाही, नाचाची आहे. घरातल्या साध्या खोलीची लादी चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरून मोजतात. गर्दी नाचणार असेल तर पाचशे. आणि नाचताना सगळे एका ठेक्यावर उड्या मारतात, तुळई त्या ठेक्यात सापडली की नुसत्या वजनापेक्षा वाईट. वेंटवर्थचा मार्बल सलून म्हणजे ६० फूट बाय ६० फूट, ४० फूट उंच, आणि तो पहिल्या मजल्यावर आहे. त्याच्या खाली पिलर्ड हॉल. तिथले ते जवळ जवळ उभे खांब बघून तुमच्या आईंना वाटलं असेल की शोभेला आहेत. डोक्यावरचं ते दालन त्यांनी तोललेलं आहे. अठराव्या शतकातल्या माणसांना मेजवानीचा भार कळत होता.

मार्बल सलूनमधलं आणखी एक. तिथल्या पिवळसर खांबांना हात लावायला देत नाहीत, पण लावता आला असता तर कळलं असतं की ते संगमरवराइतके गार नाहीत. तो स्कालिओला आहे: जिप्समचं प्लास्टर, सरस आणि रंग मळून, थापून, घासून संगमरवरासारखं चकाकवलेलं. त्याचा वैरी पाणी. लग्नाच्या फुलांची बादली खांबाच्या पायाशी ठेवली आणि रात्रभर झिरपली तर सकाळी बुंधा फुगलेला. म्हणून फुलवाले, केटरर, बँडवाले यांना आधी फिरवून आणायचं, कुठे काय टेकवायचं नाही ते दाखवायचं. करारात लिहून काही होत नाही, करार त्यांचा साहेब वाचतो, बादली पोरगा ठेवतो.

आता त्या लिलावाकडे येते. भरलेल्या घरात, म्हणजे जिथे मूळ पडदे, गालिचे, चित्रं, रेशमी भिंती आहेत, तिथे काय करता येत नाही याचीच यादी मोठी. कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तैलचित्रावर २०० च्या आसपास. हवेतली आर्द्रता ५० ते ६५ टक्क्यांत राखायची, त्यासाठी हीटर माणसाच्या उबेसाठी नाही तर आर्द्रतेच्या काट्यावर चालतो, म्हणून हिवाळ्यात अशा घरांत तुम्हाला थंडी वाजते. तीनशे वऱ्हाडी आत सोडले की त्यांच्या श्वासानेच काटा हलतो. वेंटवर्थ जवळजवळ रिकामं आहे. चित्रं गेली, खुर्च्या गेल्या, भिंती आणि छतं राहिली. १९४८ नंतर हे दुःखच होतं. पण आज त्यामुळेच तिथे दिवे लावता येतात, ट्रॉली फिरवता येते, शूटिंगवाल्यांना हवं तसं दालन सजवता येतं. बकिंगहॅम राजवाड्याचं आतलं दृश्य हवं, वेंटवर्थला चला. २०१९ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या मालिकेच्या सिनेमातला बॉल-डान्स इथल्याच मार्बल सलूनमध्ये झाला. शूटिंगवाले पैसे चांगले देतात, लग्नांचा हंगाम नसताना येतात, आणि त्यांच्यातले सुतार-रंगारी आमच्याइतकेच काटेकोर असतात. फक्त त्यांच्या मागे आपला एक माणूस सावलीसारखा लावावा लागतो, कारण "इथे एकच खिळा मारतो" हे वाक्य त्यांनाही येतं.

कॅमेलिया हाउसमधल्या चहाला मात्र नावं ठेवू नका. ती इमारत कित्येक वर्षं मोडून पडलेली होती, काचा गेलेल्या, आणि आतली कॅमेलियाची झाडं तशीच तग धरून होती. पाश्चात्त्य देशांतल्या सर्वांत जुन्या कॅमेलियांमध्ये त्यांची गणना होते. इमारत दुरुस्त करून २०२४ मध्ये तिथे चहाघर उघडलं. कॅमेलियाला ऊब नको असते आणि केक खाणाऱ्याला हवी असते, ही ओढाताण कुणी तरी सोडवलीय. आणि चहाचं झाड हे कॅमेलियाचंच भावंड, म्हणजे नात्यातच सगळं.

पैशाचं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं व्हायचं नाही. लग्नं, शूटिंग, तिकीट, चहा, हे सगळं मिळून घराचा रोजचा खर्च निघू शकतो: वीज, पगार, विमा, पन्हळी झाडणं. छत त्यातून निघत नाही. छताला अनुदान, राष्ट्रीय लॉटरीतून जुन्या वास्तूंना मिळणारा निधी, देणग्या. जो कुणी म्हणतो की लग्नांच्या पैशांवर आम्ही छत बदलू, त्याचं छत मी दहा वर्षांनी बघायला जाते. त्यात सरकारचा उफराटा न्याय असा की नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याची दुरुस्ती केली तर २० टक्के. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत संरक्षित इमारतीतल्या मंजूर फेरबदलांना तरी सूट होती, तीही गेली. म्हणजे छताला दहा लाख लागत असतील तर दोन लाख कराचे वेगळे ठेवायचे.

"कुणाला तरी विकून" याचंही उत्तर यात आलं. विकून झालंय. दोनदा. दोन्ही वेळा एका माणसाच्या खिशावर ते घर उभं होतं, आणि एका माणसाचा खिसा त्याच्या आयुष्याएवढाच लांब असतो. न्यूबोल्डनी जीव ओतला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ट्रस्टला निदान म्हातारपण येत नाही. मात्र ट्रस्टला सभा असतात. दोन्हीतलं काय बरं हे सभा किती वाजता संपते त्यावर आहे.

मला विचाराल तर तिथला सध्याचा पसारा बरोबर आहे, एका गोष्टीची धास्ती धरून. लग्नांचे दिवस वाढत गेले की पन्हळी झाडायला, तुळया तपासायला, परांची बांधायला मोकळे दिवस उरत नाहीत. मी ज्यांना सल्ला देते त्यांना सांगते, आधी दुरुस्तीचे आठवडे कॅलेंडरवर लाल शाईने मांडा, उरलेले लग्नांना विका. ऐकणारे निम्मे.

वडिलांना पुन्हा न्यायचं असेल तर पावसात न्या. छत्री घेऊन पूर्वेकडच्या त्या लांबलचक भिंतीच्या कडेने चाला आणि वर नका बघू, पाइपांच्या मागे बघा. जिथे दगड हिरवट दिसेल तिथे पाइप सांध्यात फुटलाय. जिथे नवा फिकट दगड किंवा चकचकीत शिशाचा तुकडा दिसेल तिथे कुणी तरी नुकतंच येऊन गेलंय. मग आत कॅमेलिया हाउसमध्ये बसा, आणि स्वेटर काढू नका.